खुर्ची बदलली म्हणून लेकराचा हक्क बदलत नाही

पऱ्हे टाकले आणि पावसाने दडी मारली, पऱ्हे जागच्या जागी करपले, तर सानगडीचा शेतकरी काय करतो? दोन दिवस डोक्याला हात लावून बसतो आणि तिसऱ्या दिवशी बियाण्याची सोय पाहायला निघतो. शेती काही सोडून देत नाही.

मंडळी, ज्यांच्या घरी दिव्यांग लेकरू आहे, त्या मायबापांवर असा प्रसंग पावसामुळे कमी आणि राजकारणामुळे जास्त येतो. एका सरपंचाने शब्द दिलेला असतो, तो निवडणुकीत पडतो. नवा म्हणतो, "पाहू, करू." राज्यात सरकार बदलले की संजय गांधी निराधार योजनेची तालुका समिती बरखास्त होते आणि नवी नेमेपर्यंत महिने जातात. भंडारा जिल्हा परिषदेचेच पाहा. मुदत २०२० मध्ये संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद. मतदान डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाले. तोवर प्रशासक. गाऱ्हाणे घेऊन जावे, तर आपल्या गटाचा सदस्यच नाही!

अशा वेळी साकोलीच्या तहसीलमध्ये पाच-सहा चकरा मारून थकलेला बाप म्हणतो, "जाऊ द्या, आपल्या नशिबातच नाही." त्याला दोष कसा द्यावा? रोवणीच्या दिवसांत एक चक्कर म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. पण थांबण्याआधी दोन गोष्टी ऐकून घ्या.

पहिली गोष्ट पालकांची. "आमच्या मागे याचे कोण?" ही चिंता दिव्यांग लेकराच्या प्रत्येक मायबापाला असते. १९९५ मध्ये देशातल्या पालक संघटनांनी एकत्र येऊन 'परिवार' नावाचा महासंघ उभा केला. पुढच्या चार वर्षांत तीन लोकसभा निवडणुका झाल्या आणि पंतप्रधानपदावर चार माणसे बसली. दर वेळी नव्या माणसाला तेच पहिल्यापासून सांगायचे. तरी १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय त्यात आहे. त्यासाठी कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

दुसरी गोष्ट आपल्या भागाच्या जिव्हाळ्याची. सिकलसेल पूर्व विदर्भात किती घरांत आहे, हे सांगायला नको. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात सिकलसेल नव्हता. नवे विधेयक फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. लगेच लोकसभेची निवडणूक आली आणि ते तसेच पडून राहिले. दिव्यांगांच्या संघटना मात्र पाठ सोडायला तयार नव्हत्या. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. आता प्रकार एकवीस आहेत आणि त्यात सिकलसेल आहे. मधली जवळजवळ तीन वर्षे लोक घरी बसले असते तर?

यातून आपण काय घ्यायचे? माणसाच्या शब्दावर आस ठेवली की माणूस गेल्यावर आसही जाते. म्हणून जे मिळेल ते कागदावर घ्या. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले की ते कोणत्याही पक्षाच्या राज्यात चालते. समिती नसली तरी निराधारचा अर्ज तहसीलमध्ये द्या आणि पोच घ्या. दिव्यांगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. ज्याने कंटाळून अर्जच केला नाही, त्याला त्या वाढीचा काय उपयोग?

तसेच ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीचे. स्वतःच्या उत्पन्नातला हा वाटा दिव्यांगांवर खर्च करायचा, असा शासनाचा नियम आहे. आधी तो तीन टक्के होता, २०१८ मध्ये पाच झाला. चार लाख उत्पन्न असेल तर वीस हजार होतात. रक्कम लहान वाटेल, पण गावात तीनचाकी सायकल किंवा शाळेच्या दारात उतार त्यातून होऊ शकतो. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, ज्या ग्रामसभेला जाल तिथे विचारा, "यंदाचे पाच टक्के किती आणि कशावर खर्च झाले?" उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा. पुढचा सरपंच कोणत्याही पार्टीचा असो, ते पान फाडता येत नाही.

आणि हो, एकट्याने फिरू नका. आजूबाजूच्या गावांतली चार-पाच घरे मिळून पाळी लावा. या महिन्यात एकाने साकोली गाठावी, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने भंडारा. जो जाईल त्याच्या बांधीत बाकीच्यांनी हात लावावा. वर्षातून एकच काम पुरे झाले तरी ते झाले म्हणून मोजा. थकवा सगळ्यांनाच येतो, पण तो वाटून घेतला की कोणी एकटा खचत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षकमंडळी, तुम्हालाही एक विनंती. सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. आपल्या गावातल्या अशा मुलांची यादी करून ठेवा: नाव, वय, प्रमाणपत्र आहे की नाही, कोणता लाभ राहिला. बदली झाली, मुदत संपली, तर कारभाराच्या कागदांसोबत ती यादीही पुढच्याच्या हाती द्या. म्हणजे एखाद्या मायला नव्या माणसापुढे आपले दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.