शीप व्ह्यू ३६०

'शीप व्ह्यू ३६०' ही फेरो द्वीपसमूहाच्या 'व्हिजिट फेरो आयलंड्स' या पर्यटन संस्थेने २०१६ साली राबवलेली प्रसिद्धी मोहीम होय. मेंढ्यांच्या पाठीवर सर्व दिशांची छायाचित्रे टिपणारे कॅमेरे बांधून बेटांचे दर्शन जगाला घडवणे आणि 'गूगल स्ट्रीट व्ह्यू' या सेवेत बेटांचा समावेश व्हावा यासाठी गूगलचे लक्ष वेधणे, हे तिचे उद्देश होते.

पार्श्वभूमी
फेरो द्वीपसमूह उत्तर अटलांटिक महासागरात नॉर्वे व आइसलँड यांच्या दरम्यान वसलेला असून तो डेन्मार्कच्या राजसत्तेखालील स्वायत्त प्रदेश आहे. त्यात १८ बेटे असून लोकसंख्या ५० हजारांहून अधिक आहे. मेंढ्यांची संख्या त्याहून अधिक आहे. 'फेरो' या नावाचा अर्थ सामान्यतः 'मेंढ्यांची बेटे' असा लावला जातो. गूगलने २००७ साली सुरू केलेल्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये २०१६ पर्यंत या बेटांचा समावेश झाला नव्हता.

स्वरूप
मोहिमेची कल्पना संस्थेतील दुरिता डाल आंद्रेआसेन यांची होती. मेंढीच्या पाठीवर पट्ट्यांच्या साहाय्याने सौरऊर्जेवर चालणारा कॅमेरा बसवण्यात आला. मेंढी चरत फिरत असताना टिपलेली छायाचित्रे स्थाननिर्देशांकांसह भ्रमणध्वनीवर येत व तेथून ती स्ट्रीट व्ह्यूवर चढवली जात. मोटारीवरील कॅमेऱ्याला रस्ता लागतो. मेंढीला मात्र डोंगरउतारावरील पायवाटही पुरते. त्यामुळे रस्ते नसलेल्या भागांचेही चित्रण शक्य झाले.

गूगलचा सहभाग
मोहिमेची दखल घेऊन गूगलने ऑगस्ट २०१६ मध्ये 'ट्रेकर' हे उपकरण व सर्वदिशादर्शक कॅमेरे बेटांवर पाठवले. ट्रेकर हा पाठीवर वाहून नेण्याचा कॅमेरा असून त्याच्या मूळ आवृत्तीत १५ भिंगे होती व तिचे वजन सुमारे १८ किलोग्रॅम होते. स्थानिक रहिवासी आणि पर्यटक यांनाही चित्रणात सहभागी करून घेण्यात आले. त्यासाठी पाठपिशव्या, सायकली, घोडे, कायाक आणि ढकलगाड्या यांवरही कॅमेरे लावण्यात आले.

पर्यटनाचा भार
प्रसिद्धीबरोबरच नाजूक निसर्गाच्या जपणुकीचा प्रश्न बेटांपुढे होता. पर्यटकांच्या वर्दळीने काही पायवाटांची झीज झाली होती. एप्रिल २०१९ मध्ये निवडक प्रेक्षणीय स्थळे एका सप्ताहान्तासाठी नेहमीच्या पर्यटकांना बंद ठेवून सुमारे १०० स्वयंसेवकांकडून पायवाटांची दुरुस्ती व दिशाफलक उभारणी यांसारखी कामे करून घेण्यात आली. मेंढीने दाखवलेली वाट पर्यटकांच्या पावलांनी किती तुडवली जावी, याचा विचार प्रसिद्धीइतकाच आवश्यक असल्याचे या उपक्रमातून दिसते.

दूरस्थ पर्यटन
कोविड-१९ महासाथीमुळे प्रवास थांबल्यावर एप्रिल २०२० मध्ये संस्थेने दूरस्थ पर्यटनाचा उपक्रम सुरू केला. शिरस्त्राणावर कॅमेरा लावलेला स्थानिक वाटाड्या बेटांवर फिरे आणि घरबसल्या प्रेक्षकाला आपल्या भ्रमणध्वनीवरील कळांनी त्याला डावीकडे, उजवीकडे वा पुढे जाण्यास, धावण्यास किंवा उडी मारण्यास सांगता येई. प्रत्येकाला सुमारे एक मिनिट नियंत्रण मिळत असे. इतर प्रेक्षक थेट प्रक्षेपण पाहत. २०१६ मध्ये मेंढी आपल्या मर्जीने वाट निवडत होती, तर येथे वाट दूरवरचा प्रेक्षक ठरवत होता. आणि त्याचे पाऊल प्रत्यक्षात बेटावर पडत नव्हते.