बर्फावरचा गवंडी

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच विषय. कोण पास, कोण नापास, कुणाला किती टक्के. ज्याला कमी पडले त्याच्याबद्दल आजी कन्नडमध्ये बोलते, आत्या मराठीत. आणि दोन्ही भाषा समजणारा तो पोरगा मान खाली घालून सगळे ऐकत असतो. अशा वेळी मला हरमान मायर आठवतो.

हरमान ऑस्ट्रियाचा. जन्म १९७२ चा. आल्प्स पर्वतातल्या फ्लाखाऊ गावात तो वाढला. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, हा स्कीइंगचा खेळ तिथे घरोघरी. त्याच्या वडिलांची तर स्कीइंग शिकवण्याचीच शाळा होती. मुलगा श्लाडमिंगच्या नामवंत स्की-शाळेत गेला. पण अंगकाठी लहान आणि गुडघे दुखरे. पंधराव्या वर्षी त्याला घरी परत पाठवण्यात आले.

मग हरमान गवंडीकाम शिकला. उन्हाळ्यात विटा रचायच्या, हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत शिकवायचे, असा त्याचा क्रम होता. कष्टाच्या कामाने अंग भरले. स्की मात्र त्याने सोडली नाही.

जानेवारी १९९६ मध्ये फ्लाखाऊलाच जागतिक करंडकाची शर्यत आली. हरमान स्पर्धक नव्हता. शर्यतीपूर्वी मार्ग तपासण्यासाठी काही जणांना उतारावरून सोडतात, त्यांतला तो एक. त्याची वेळ पाहिली तर ती बाराव्या क्रमांकाची भरत होती! निवड करणाऱ्यांचे डोळे उघडले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, जपानमधील नागानो ऑलिंपिक. 'डाउनहिल' ही सर्वांत वेगवान शर्यत. एका वळणावर हरमान हवेत फेकला गेला आणि संरक्षक जाळ्या तोडून पलीकडे बर्फात कोसळला. पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोकाच चुकला. पण तो उठला, आणि तीनच दिवसांनी 'सुपर-जी' शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याच आठवड्यात 'जायंट स्लॅलम'चे दुसरे सुवर्णही जिंकले.

खरी परीक्षा पुढेच होती. ऑगस्ट २००१ मध्ये त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. उजव्या पायाचा असा चुराडा झाला की पाय वाचतो की नाही, हाच प्रश्न होता. पायात टायटॅनियमची सळई बसवावी लागली. २००२ चे ऑलिंपिक हुकले. जानेवारी २००३ मध्ये तो परतला आणि त्याच महिन्यात किट्झब्यूहेलची सुपर-जी शर्यत जिंकला. २००४ मध्ये त्याने जागतिक करंडकाचे सर्वंकष विजेतेपद चौथ्यांदा मिळवले. २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा करंडकाच्या ५४ शर्यती त्याच्या नावावर होत्या.

त्या शाळेने पंधरा वर्षांच्या मुलाची उंची आणि गुडघे पाहिले. त्या दिवसापुरते ते खरेही असेल. पण वडिलांनी आपल्या शाळेचे दार त्याच्यासाठी उघडे ठेवले, आणि गवंडीकाम करण्यात कमीपणा मानला गेला नाही. वर्गात शिकवताना मला नेहमी वाटते, शाळा-कॉलेजचा निकाल त्या वर्षापुरता असतो. घराने मात्र मुलाचा निकाल लावण्याची घाई करू नये.