बेचाळीस अंशांतली बरणी

पहाटे साडेपाच

नांदेडमध्ये मे महिन्यात बऱ्यापैकी गार म्हणावी अशी वेळ हीच. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तापमापक अठ्ठावीस दाखवतो आणि दिवसभरात याहून खाली उतरत नाही. केफिरच्या दाण्यांना मानवतात वीस ते पंचवीस अंश. म्हणजे आमची पहाटसुद्धा त्यांच्या लेखी उकाड्याचीच.

काल संध्याकाळी लावलेली बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, चुलीपासून लांब, फडक्याखाली असते. आधी नुसतं बघायचं, हलवायचं नाही. दूध आळलेलं आहे आणि काचेच्या कडेला पाण्याच्या दोन-तीन बारक्या रेघा सुटल्यात, की झालं. खाली हिरवट पाण्याचा रुंद पट्टा आणि वर घट्ट थर तरंगताना दिसला, तर ते गाळायला उशीर झाला. फुकट जात नाही, पण आंबट ढाण होतं, आणि रोजच असा उशीर झाला तर दाणे उपाशी राहतात. दुधातली साखर संपली की त्यांना खायला काही उरत नाही, आणि आपणच केलेल्या आंबटात ते बसून राहतात.

सहा

गाळायला प्लॅस्टिकची जाड गाळणी. स्टीलची चालते, क्षणभराचा तर संबंध. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम मात्र नको; आंबट त्यांना खातं. सासूबाईंच्या पितळी पातेल्यांचा मान मोठा आहे, पण या कामात त्यांना प्रवेश नाही.

गाळणीत उरतात ते दाणे पांढरे, किंचित पिवळसर, दाबले तर रबरासारखे परत फुगणारे. दिसायला थेट फुलकोबीचे तुरे. सासूबाई त्यांना ‘तुझी कोबी’ म्हणतात. हा पदार्थ म्हणजे जिवाणू आणि यीस्ट यांनी मिळून बांधलेलं घर. बांधकाम दुधातल्या प्रथिनांचं आणि केफिरॅन नावाच्या चिकट साखरसाखळीचं, आणि ते केफिरॅन तयार करणाऱ्या जिवाणूचं नाव लॅक्टोबॅसिलस केफिरॅनोफेसियन्स. हे नाव मी सासूबाईंना एकदाच ऐकवलं. कोबी हेच नाव टिकलं.

दाणे धुवायचे नाहीत. पहिल्यांदा दाणे घेणाऱ्या प्रत्येकीला हे पटवताना घसा कोरडा होतो, कारण आपल्याकडे धुतल्याशिवाय काही स्वच्छ होत नाही. आमच्या नळाला विष्णुपुरीचं पाणी येतं, त्यात क्लोरिन असतं, आणि क्लोरिन असतंच जंतू मारायला. हे आपले, ते परके असा भेद ते करत नाही. शिवाय दाण्यांवरचा बुळबुळीत थर ही घाण नव्हे. गाळणीत दोनदा हलवायचे आणि सरळ नव्या दुधात.

नवं दूध म्हणजे रात्री उकळून, साय काढून, फ्रिजमध्ये ठेवलेलं. साय राहिली तर ती दाण्यांना चिकटून बसते आणि गाळणी बुजते. डिसेंबरात हे दूध बाहेर काढून खोलीइतकं कोमट होऊ द्यावं लागतं. मेमध्ये ते गारच ओतते. तेवढेच दोन तास दाण्यांना थंडाव्याचे. उकळलेलं दूध अजून कढत असताना दाणे टाकणं हा मात्र त्यांना मारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

मापही मेचं वेगळं. थंडीत अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे दाणे घालते, आता एकच, तोही सपाट. दाणे जास्त आणि दूध कमी असलं तर या उष्णतेत चार-पाच तासांत सगळं फाटून पाणी होतं.

साडेसहाला रतिबाचं दूध येतं. गवळी लोह्याकडचा, त्याच्याकडे दोन म्हशी आणि एक लाल कंधारी गाय. गायीचं मिळालं तर केफिरला, म्हशीचं दह्याला, अशी आमची वाटणी. म्हशीच्या दुधाचंही केफिर होतं, चांगलं घट्ट होतं. पण मग सासूबाईंच्या विरजणाला काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर या घरात माझ्या बाजूने लागत नाही.

साडेनऊ

बँकेत निघण्याआधीचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पसरट मातीच्या परातीत चार बोटं पाणी, मधे बरणी, बरणीभोवती ओलं सुती कापड, कापडाची टोकं पाण्यात बुडालेली. परात न्हाणीच्या खिडकीत, जिथे वारा लागतो पण ऊन नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा आहे, हे आमचं दुर्दैव आणि केफिरचं नशीब. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा ओल्या कापडातलं पाणी झपाट्याने उडतं आणि जाताना बरणीतली उष्णता घेऊन जातं. बाहेर बेचाळीस असताना परातीतलं पाणी सत्तावीसच्या घरात राहतं. रांजणाचं पाणी गार होतं त्याच न्यायाने. ही युक्ती कोकणातल्या माझ्या मैत्रिणीच्या काही कामाची नाही. तिथली हवाच ओली, पाणी उडणार कुठे? आमच्याकडेही मृग लागून पाऊस झाला की परात निरुपयोगी होते. पण तोवर हवाही उतरलेली असते.

इंटरनेटवर थंड पेट्या आणि तापमान राखणारी यंत्रं मिळतात. माझ्या मते दहीताकाच्या घरात त्यांची गरज नाही. परात साठ रुपयांना येते.

दीड वाजता

डबा. केफिर डब्यात नेत नाही. यीस्टमुळे त्यात वायू धरतो, घट्ट झाकणाच्या बाटलीत दुपारपर्यंत दाब वाढतो आणि उघडणाऱ्याच्या शर्टावर त्याची नोंद होते. आज डब्यात धपाटे आहेत, ते केफिरमध्ये मळलेले. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, हळद, तिखट, आणि दह्याच्या जागी केफिर. तव्यावर गेल्यावर त्यातला एकही जिवाणू जिवंत राहत नाही, हे मला माहीत आहे. चव मात्र राहते.

समोर बसणाऱ्या सहकाऱ्याने पुन्हा विचारलं, ‘मॅडम, यात दारू असते म्हणे?’ असते, अगदी थोडी. यीस्ट साखर खातं तेव्हा होतेच. घरी वेळेत गाळलेल्या केफिरमध्ये साधारण एक टक्क्याच्या आत. बरणी दोन दिवस विसरली तर वाढते. ज्यांना तेवढीही चालत नाही त्यांनी दह्यावर राहावं, मी आग्रह करत नाही. दीर्घायुष्याच्या गोष्टीही सांगत नाही. मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने आंबवलेल्या दुधाचं आणि लांब आयुष्याचं नातं सांगितलं आणि त्याला १९०८ मध्ये नोबेल मिळालं, हे दोन्ही खरं. पण नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. जाहिरातींमध्ये या दोन वाक्यांमधली जागा पुसून टाकलेली असते.

मूळ हे कॉकेशसच्या डोंगरातलं, कराचाय आणि बाल्कर लोकांचं. चामड्याच्या पिशवीत दूध आणि दाणे. दाणे दाण्यांतूनच होतात, घरी नव्याने बनवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक बरणीमागे कोणाची तरी दुसरी बरणी असते. माझ्या बरणीमागे लातूरच्या अक्काची आहे.

तीन

या वेळी मी घरी नसते, पण काय चाललंय ते मला सासूबाईंकडून फोनवर कळतं.

‘आत्या, बरणी बघितली का?’

‘बघूलाले. कोबी वर आली.’

‘पाणी सुटलंय का?’

‘थोडं. लाईट गेली आता.’

लाईट गेली म्हणजे बरणी फ्रिजमध्ये ठेवायची की नाही, हा पेच. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. दार उघडून बरणी आत सरकवायला दहा सेकंद लागतात. तेवढ्याने काही बिघडत नाही, पण नातवंडांनी त्याच वेळी आइस्क्रीमची चौकशी केली तर बिघडतं. सासूबाई बरणी आत ठेवतात आणि दारासमोर खुर्ची टाकून बसतात.

इकडे त्यांचं विरजण मजेत असतं. सकाळी अकराला लावलेलं दही तीनच्या आत लागलेलं. दह्यातल्या जिवाणूंना चाळीसच्या आसपासची ऊब हवीच असते. मे महिना म्हणजे त्यांची दिवाळी. जानेवारीत पारा दहा-बारावर आला की उलटं होतं. सासूबाई दह्याचं भांडं घोंगडीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि तरी ते पाणचट निघतं, तेव्हा माझी बरणी ओट्यावर चोवीस नाही तर तीस तास निवांत बसून उत्तम केफिर देते. वर्षातून एकदा तरी कोणाचं चाललंय यावरून आमच्यात चिडवाचिडवी होते. एक गोष्ट मात्र दोघींना मान्य आहे, दोन्हींचे चमचे वेगळे आणि भांडी ओट्याच्या दोन टोकांना. केफिरचं यीस्ट विरजणात गेलं तर दह्याला पावासारखा वास मारतो.

संध्याकाळी सात

दुसऱ्यांदा गाळणं, आणि आज दाण्यांची नीट तपासणी.

उन्हाळ्यात पहिल्यांदा बिघडतो तो वास. निरोगी दाण्यांना आंबूस, ताज्या ताकाचा आणि किंचित यीस्टचा वास येतो. उष्णता जास्त झाली की यीस्ट पुढे पळतं, जिवाणू मागे पडतात. वास उग्र होतो, फेस येतो. मग दाणे लिबलिबीत होऊ लागतात, दाबले तर परत फुगत नाहीत, आणि वाढ थांबते. इथपर्यंत सुधारता येतं. दाणे आणखी कमी करायचे, दूध वाढवायचं, आठवडाभर दिवसा फ्रिज आणि फक्त रात्री ओटा. दोन-चार फेऱ्यांचं केफिर प्यायचं नाही, तुळशीलाही नाही, सरळ टाकायचं. पण गुलाबी, नारिंगी किंवा काळा डाग दिसला, किंवा वर लव आली, तर दाणे धुऊन, कापून, वाचवून बघण्याचा मोह नको. सगळे टाकायचे, बरणी उकळत्या पाण्याने धुवायची, आणि कोणाकडून तरी नवे आणायचे.

चांगल्या हवेत दाणे दहा-पंधरा दिवसांत दुपटीला येतात. ज्यादाचे काढले नाहीत तर बरणीत गर्दी होते आणि पुन्हा तेच, चार तासांत पाणी. म्हणून आठवड्याला चमचाभर बाजूला. काही शेजारी जातात. काही वाळवते. दुधाची भुकटी घासून पंख्याखाली कागदावर दोन दिवस ठेवले की कडक पिवळे खडे होतात, मग भुकटीतच पुरून फ्रिजमध्ये. वाळवण्याच्या बाबतीत आमची हवा जगात कुठेही कमी पडणार नाही. भुकटीचा डबा उघडला की मला उदगीर आठवतं. तिथे सरकारी दूध भुकटी प्रकल्प होता, आणि आता दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. शेजारच्या तालुक्यातली देवणी गाय नावाजलेली. म्हणजे दूध, भुकटी आणि शिकलेली माणसं, तिन्ही एका जिल्ह्यात. तरीही केफिरचे दाणे मागायचे तर लोक पुण्याला फोन करतात.

रात्री साडेनऊ

अक्काचा फोन. तिचं घर गंजगोलाईपासून जवळ. लातूर बालाघाटच्या पठारावर, आम्ही गोदावरीच्या काठाला खाली. त्यामुळे तिच्या रात्री आमच्यापेक्षा हलक्या असतात. एकाच बरणीतले दाणे, पण तिची रात्रीची पाळी माझ्याहून दोन तास लांब चालते. तिने सांगितलेले तास मी इथे जसेच्या तसे लावले की माझं पाणी होतं. म्हणून आम्ही आता तास सांगत नाही, रेघा सांगतो. कडेला पाण्याच्या रेघा दिसल्या की गाळ.

पाणी हा तिच्याकडचा जुना विषय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं. अक्का तेव्हापासून पाणी वाचवते. टाक्या भरलेल्या असल्या तरी गाळणी दोन तांब्यांत धुते आणि दाणे न धुण्याचा नियम तिला पहिल्याच दिवशी आवडला. माझी परातीची युक्ती मात्र तिला पटत नाही. ‘रोज चार बोटं पाणी हवेत सोडायचं?’ ती बरणी घमेल्यात, ओल्या वाळूत ठेवते. पाणी लागतं, पण दिवसाकाठी अर्धा तांब्या.

पुढच्या आठवड्यात तिच्याकडे सोलापूरला लग्न आहे, घर आठ दिवस बंद.

‘तुझ्याकडे पाठवू का दाणे एसटीने?’

‘या उन्हात? बसमध्येच शिजतील. लिटरभर गार दुधात टाक आणि फ्रिजमध्ये ठेव. झाकण सैल ठेव.’

‘आठ दिवस?’

‘आठ दिवस काही होत नाही. आल्यावर पहिलं गाळलेलं टाकून दे, आंबट असेल. दुसऱ्यापासून प्या.’

‘आणि लाईट गेली तर?’

‘शेजारणीला किल्ली देऊन जा. अन् दुधाची भुकटी आहे का घरात? दोन चमचे दाणे आज रात्रीच वाळत घाल.’

‘पंखा लाईटवरच चालतो की गं.’

‘मग गच्चीवर घाल. मलमलचं कापड बांध वरून, मांजर येतं तुमच्याकडे.’