डीबगर नको म्हणे!

रात्रीचे साडेअकरा. हिंजवडीच्या ऑफिसात एसी जरा जास्तच गार झालेला, कँटीन कधीच बंद, आणि माझ्यासमोरचं मशीन ठप्प. स्क्रीनवरचा कर्सरसुद्धा लुकलुकायचा थांबला होता. एखादा प्रोग्रॅम अडकला तर आपण तो बंद करतो आणि चहाला जातो. पण इथं अडकला होता खुद्द कर्नल. बाकीच्यांच्या तक्रारी ज्याच्याकडे न्यायच्या, तोच बेशुद्ध!

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती, प्रोसेसरवर पाळी कुणाची, डिस्कवर आधी कोण लिहिणार, हे सगळं तोच ठरवतो. लिनक्सचा कर्नल लिनस टोरवाल्डसनं १९९१ साली जाहीर केला. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच्यावरच चालतो. मी त्या कर्नलसाठी ड्रायव्हर लिहितो. म्हणजे माझी एक चूक आणि अख्खं मशीन आडवं.

साधा प्रोग्रॅम तपासायचा असेल तर डीबगर त्याला मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवतो. पण हे थांबवायचं काम डीबगर करून घेतो कर्नलकडूनच. मग कर्नललाच थांबवायचं असेल तर? चालत्या पीएमपीच्या ड्रायव्हरला ‘जरा बॉनेट उघडून बघा की’ म्हणण्यासारखं आहे ते! यावर उपाय म्हणजे दोन मशीन घ्यायची आणि मधे एक सिरियल केबल जोडायची. एका मशीनवर आजारी कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी नावाचा डीबगर. आजारी कर्नलमध्ये कोडचा एक छोटा तुकडा आधीच पेरून ठेवलेला असतो. इशारा मिळाला की तो सगळे प्रोसेसर जागच्या जागी उभे करतो आणि केबलमधून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देत बसतो. कुठल्या ओळीवर आहेस? हातात काय आहे? तुला इथं बोलावलं कुणी? पोलीस चौकशीच म्हणा ना.

या तुकड्याचं नाव केजीडीबी. त्या रात्री बिल्ड संपायची वाट बघता बघता मी त्याचाच सोर्स उघडला. वरती कॉपीराइटच्या ओळी. एरवी त्या कोण वाचतं? पहिली ओळ व्हेरिटास सॉफ्टवेअरची, २०००-२००१. मग एकदोन ओळी सोडून अमित एस. काळे, २००३-२००४. आणखी खाली लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड, २००४-२००६. काळे! आणि लिनसिससॉफ्ट तर आपल्या पुण्यातली कंपनी. जगभरच्या मशीनवर जाणाऱ्या सोर्समध्ये आपल्या गावचं नाव दिसल्यावर झोप उडाली, हे कबूल करतो.

पण या ओळींमागे चांगलंच मोठं भांडण आहे. कर्नलमध्ये डीबगर असावा की नाही, यावर २००० साली जोरदार खडाजंगी झाली होती. नको म्हणणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, खुद्द टोरवाल्डस होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डीबगर हाताशी असला की माणूस ओळीवर बोट ठेवतो, तिथंच ठिगळ लावतो आणि मोकळा होतो. हत्यार नसेल तर त्याला मुकाट्यानं एक पायरी वर जावं लागतं, कोडमागचा विचार समजून घ्यावा लागतो. यात काहींचा वेळ जाईल, काही कंटाळून सोडून जातील, तर जाऊ देत. आधीपासून सावध नसलेली मंडळी लवकर गळाली तर बरंच! (हे वाचताना मला आमच्या गल्लीतल्या दुकानाची दुपारी एक ते चारची पाटी आठवली. सूर तोच.)

दुसऱ्या बाजूलाही कच्ची मंडळी नव्हती. लिनसचा जवळचा सहकारी अँड्र्यू मॉर्टन केजीडीबीच्या बाजूचा. त्यानं नव्या बदलांच्या चाचणीसाठी कर्नलची स्वतःची एक प्रत ठेवली होती, तिच्यात केजीडीबी नांदत होता. म्हणजे घराच्या दर्शनी खोलीत बंदी आणि आतल्या खोलीत पाहुणचार.

मला या वादात सगळ्यात आवडतो तो मधला काळ. मोठ्या साहेबानं नाही म्हटल्यावर आपण काय करतो? कँटीनमध्ये त्याला शिव्या घालतो. इथं तसं चालत नाही. हरकत घ्यायची तर ती कोडवर आणि उत्तर द्यायचं तेही कोडनंच. केजीडीबीवर तक्रार होती की तो कर्नलच्या नाजूक भागात फार ठिकाणी हात घालतो, शिवाय प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी त्याची वेगळीच आवृत्ती. तेव्हा काळे आणि इतर काही जणांनी त्याची चक्क वाटणी केली. सगळ्यांना सामाईक गाभा एकीकडे, प्रोसेसरपुरता भाग दुसरीकडे, सिरियल केबलचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा. ज्याला जेवढं हवं तेवढंच त्यानं घ्यावं. ग्लॅमर शून्य असं हे काम. पॉवरपॉइंटमध्ये तर दाखवताच येणार नाही.

पुढे सूत्रं विंड रिव्हर कंपनीच्या जेसन वेसलकडे गेली. २००८ साली इंगो मोलनारनं आणखी काटछाट करून हलकी आवृत्ती तयार केली आणि त्याच वर्षी जुलैत आलेल्या २.६.२६ या कर्नलमध्ये केजीडीबी अखेर मुक्कामाला आला. नेटवर्कचा भाग मात्र बाहेरच राहिला. २००० ते २००८. आठ वर्षं! आमच्याकडे आठ आठवड्यांत अप्रेझल बिघडतं.

आता माझ्या ठप्प मशीनकडे. दोन कोअर होते, एक अडकला तरी दुसरा जागा होता. त्यामुळे केबलवरून दिलेला इशारा पोचला आणि दोन मिनिटांत चोर सापडला. माझ्या फंक्शननं एक लॉक घेतलं होतं. तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर हार्डवेअरचा इंटरप्ट आला आणि तो हाताळणारं माझंच दुसरं फंक्शन तेच लॉक मागत बसलं. म्हणजे आतून कडी लावणारा मीच आणि बाहेर दार वाजवणाराही मीच. कोण उघडणार?

मी इंटरप्टमधलं लॉक काढून टाकलं. मशीन पळायला लागलं. पावणेएकला एकदम हिरो होऊन घरी गेलो.

सकाळी आमच्या लीडनं विचारलं, “लॉक काढलंस? मग आधी ते ठेवणारा वेडा होता का?”

“अगं, पण हँग गेला ना.”

“हँग गेला. डेटा बघितलास का?”

बघितला. रात्रभर चाललेल्या टेस्टमध्ये बफरचा पार चुथडा झाला होता. दोन्ही फंक्शनं एकाच वेळी त्यात लिहीत होती. लॉक नेमकं त्यासाठीच होतं! खरी चूक वेगळीच होती. लॉक हातात असेपर्यंत त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद ठेवायला हवे होते, ते मी केलं नव्हतं. केजीडीबीनं मला ओळ अचूक दाखवली होती. मी त्या ओळीच्या पलीकडे बघितलंच नाही. टोरवाल्डस हे वाचत नाहीये, तेवढंच नशीब.

पण दुसरीही बाजू आहेच. केबल नसती तर मी अजून कोडमध्ये जागोजागी मेसेज छापत बसलो असतो, आणि मशीन आडवं व्हायच्या आधी शेवटचा मेसेज स्क्रीनपर्यंत पोचला की नाही याचाही भरवसा नसतो. लीडला हे सांगितलं. तिनं “हं” केलं. पुणेरी “हं”, त्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

दुपारी योग्य बदल करून तिच्याकडे पाठवला. लॉक घेण्याची आणि सोडण्याची अशा दोनच ओळी बदलल्या होत्या. त्या का बदलल्या हे सांगणारा मजकूर मात्र तिनं तीनदा परत पाठवला.