उभी गाडी काय करत असते

नाशिकहून दिंडोरी, वणी करत निघालं की बोरगावला सापुताऱ्याची वाट सोडायची आणि सुरगाण्याकडे वळायचं. अंतर नव्वदेक किलोमीटर, बरंचसं चढ-उतारांचं. या रस्त्यावर वर्षानुवर्षं डिझेलचं राज्य आहे: एसटी, बोलेरो, मागे माणसं लटकलेली क्रूझर. या गाड्यांचे आवाज इथल्या माणसांना पाठ आहेत. इंजिन मिसिंग करतंय, बेल्ट ओरडतोय, सायलेन्सर फुटलाय, हे ओट्यावरचा म्हातारा जागचा न उठता सांगतो. आणि गाडी बंद केली की ती गप्प होते, हेही सगळ्यांना ठाऊक. तापलेला सायलेन्सर थोडा वेळ टिकटिकतो, तेवढंच.

विजेवरच्या गाडीचं तसं नाही. ती अंगणात लावून, कुलूप घालून, माणसं जेवून आडवी झाली की तिच्या पोटातून टक्क असा आवाज येतो. मग बारीक घूंऽऽ. मग कुठेतरी पाणी खळखळल्यासारखं होतं. काही वेळाने पुन्हा टक्क, आणि गप्प. नाशिकच्या सोसायटीत हे रहदारीत बुडून जातं. सुरगाण्यात रात्री रातकिडे आणि डीपीची गुणगुण एवढंच काय ते असतं, तिथे ते भिंतीआडूनही ऐकू येतं. गाडी पाहुण्यांची असेल तर घरातलं कुणीतरी टॉर्च घेऊन बाहेर येतंच.

कारण एवढंच की पेट्रोलच्या गाडीला उभं राहिल्यावर काम उरत नाही, विजेच्या गाडीला उरतं. तिच्या तळाशी दोन-तीन क्विंटलांची, कधी त्याहूनही जड बॅटरी असते, तीनशे-चारशे व्होल्टांची. ती फार तापू द्यायची नाही, तिचा विजेचा दाब पेटीबाहेर मोकळा सोडायचा नाही, आणि हे सगळं सांभाळणारा छोटा संगणक जागा राहील एवढी वीज त्याला पुरवायची. गाडी उभी असताना हीच कामं चाललेली असतात.

टक्क करतो तो कॉन्टॅक्टर. बॅटरी आणि बाकीची गाडी यांच्यामध्ये धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना एकेक जाडजूड विद्युतचुंबकी स्विच असतो. गाडी बंद असताना दोन्ही उघडे असतात, म्हणजे सगळा दाब बॅटरीच्या पेटीतच अडकलेला. स्टार्टचं बटण दाबलं किंवा चार्जिंगची गन लावली की स्विचच्या कॉइलला बारा व्होल्ट मिळतात, चुंबक ओढतो आणि धातूची पट्टी दोन टोकांवर आदळते. कान दिला तर लागोपाठ दोन-तीन आवाज येतात. मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना त्यांच्यावर एकदम चारशे व्होल्ट सोडले तर क्षणभर एवढा प्रवाह धावेल की कॉन्टॅक्टरची टोकं वितळून एकमेकांना चिकटतील. म्हणून आधी एक लहान रिले रेझिस्टरमधून बेताचा प्रवाह सोडतो आणि कपॅसिटर जवळजवळ भरले की मुख्य कॉन्टॅक्टर बसतो. पाटाचं पाणी सोडताना दार आधी चार बोटंच उचलतात, तसं. सगळं सेकंदभरात उरकतं.

तोडणं जोडण्यापेक्षा अवघड. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तो शून्यावर येतच नाही, आणि ठिणगी ताणली जाते. तिला बाजूला ढकलून तोडायला कॉन्टॅक्टरमध्ये कायमचे चुंबक बसवतात, शिवाय बऱ्याच कॉन्टॅक्टरांची पेटी हवाबंद करून आत नायट्रोजन किंवा हायड्रोजन भरतात. एवढ्याशा डबीत इतकी अक्कल भरलेली आहे, म्हणून मला तरी या गाडीच्या आवाजांमध्ये हाच सगळ्यात भारदस्त वाटतो.

घूंऽऽ आवाज बहुधा कूलंटच्या पंपाचा. लिथियम-आयन सेल साधारण १५ ते ३५ अंशांमध्ये सुखी असतात. मे महिन्यात घाट चढून आलेली, वाटेत फास्ट चार्जरवर टेकलेली गाडी अंगणात उभी राहिली तरी तिचे सेल तापलेलेच असतात. म्हणून पंप पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण फिरवत राहतो. तेवढ्याने भागलं नाही तर एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि पुढच्या जाळीमागचा पंखा भरारतो. गाडीत कुणी नसताना एसी कुणासाठी, असा प्रश्न पडतो, तो बॅटरीसाठी. खळखळाट त्याच मिश्रणाचा. एसी बंद झाल्यावरचं फुस्स म्हणजे गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा होणं. काही गाड्यांमध्ये बऱ्याच वेळाने ब्लोअर आपोआप फिरतो आणि ओली कॉइल वाळवतो, म्हणजे केबिनला कुबट वास येत नाही. सुरगाण्याच्या पावसाळ्यात ही सोय चैनीची म्हणता येणार नाही.

पण हे आवाज सगळ्या गाड्यांना नसतात. २०१० साली आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला कूलंट नव्हतंच, ती हवेवर निवायची. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली ती ३० युनिटांच्या कूलंटवाल्या बॅटरीसह. तेव्हा एकाच्या गाडीवरून दुसऱ्याच्या गाडीचं निदान करू नये.

मध्यरात्री, चार्जिंग चालू नसताना, कुणी हात न लावता येणारा टक्क लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो. त्यामागे असते बारा व्होल्टची साधी बॅटरी. एवढ्या मोठ्या बॅटरीच्या जोडीला ही धाकटी लागतेच, कारण दरवाज्याचं लॉक, मोबाइलशी बोलणारं यंत्र आणि खुद्द कॉन्टॅक्टरची कॉइलसुद्धा तिच्यावर चालते. ती उतरू लागली की बऱ्याच गाड्या स्वतःच जाग्या होतात, कॉन्टॅक्टर बसवतात, मोठ्या बॅटरीतून तिला भरतात आणि परत झोपतात. ती पुरती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. मोटारीचं कॉइल-बेअरिंग जळण्यापेक्षा हा प्रकार पुष्कळ जास्त घडतो आणि विकणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

चार्जिंग चालू असताना येणारी गुणगुण आणि गावच्या डीपीची गुणगुण यांचं मूळ जवळपास एकच. चुंबकत्वाने लोखंड किंचित ताणतं, हे जेम्स ज्यूलने १८४२ मध्ये दाखवलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा याप्रमाणे डीपीचा गाभा सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. गाडीतल्या चार्जरच्या कॉइलही अशाच थरथरतात. त्यात वरच्या पट्टीतली एखादी बारीक शीळही मिसळते. ती नातवाला ऐकू येते, आजोबांना नाही, कारण वयाबरोबर कान आधी वरचे सूर गमावतात.

आणि हे चार्जिंग रात्रभर चालतं. पंधरा अँपियरच्या प्लगमधून साधारण तीन किलोवॅट मिळतात, म्हणजे ३० युनिटांची बॅटरी भरायला दहा तास. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली, वीज गेली आणि आली, की दर वेळी कॉन्टॅक्टर सुटतो आणि बसतो. अशा रात्री गाडीची टकटक वाढली तर तक्रार गाडीची नसून लाइनीची असते. उलट गन लावली, चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला आणि टक्क आलाच नाही, तर अर्थिंग बघावं. मुरमाड जमिनीतला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. वायरमनचा पहिला प्रश्न असतो, ‘अर्थिंगला पाणी घालता का?’ पावसाळ्यात धो धो कोसळून उन्हाळ्यात टंचाईला तोंड देणाऱ्या तालुक्यात हा प्रश्न जरा टोचतो.

उतारावर लावलेली गाडी खट् करून अर्धी वीत सरकते आणि थांबते. पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, टाकल्यावर गिअरच्या दात्यात एक खिट्टी अडकते आणि गाडीचं सगळं वजन तिच्यावर येतं. आधी हँडब्रेक लावावा, मग पी, म्हणजे खिट्टीवरचा भार वाचतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर घाट उतरून आल्यावर थोड्या वेळाने तो स्वतःच पुन्हा किरकिरू शकतो. तापलेल्या डिस्क निवून आक्रसतात आणि पकड सैल पडते, म्हणून मोटर ती आवळते.

खुडबुड, कुरतडल्याचा आवाज मात्र कुठल्याच कंपनीने बसवलेला नसतो. तो उंदीर. भाताची पोती जवळ असलेल्या अंगणात बोनेट उघडून बघणं बरं; मात्र नारिंगी वेष्टनाच्या तारांना हात लावायचा नाही, त्या मोठ्या दाबाच्या असतात.

रस्त्यावरून हळू जाताना मुद्दाम काढला जाणारा आवाज निराळा. पायी चालणाऱ्याला चाहूल लागावी म्हणून युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला २० किलोमीटर वेगापर्यंत तो सक्तीचा आहे. अमेरिकेत तर पी सोडून इतर गिअरमध्ये उभ्या गाडीलाही तो काढावा लागतो. आपल्याकडे केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये तसा मसुदा काढला. चालत्या गाडीच्या आवाजासाठी एवढे कागद झाले. उभ्या गाडीच्या आवाजांवर मालकाच्या पुस्तिकेत दोन-चार ओळी, त्याही कुठेतरी मागे. एक पान तरी द्यायला हवं होतं.

कारण मेकॅनिक जवळ नाही. महिंद्राची विजेची एक्सयूव्ही ४०० नाशिकच्याच कारखान्यात बनली, तरी त्याच जिल्ह्याच्या या टोकाला गाडी बिघडली तर नाशिकच गाठावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी, सोयी मिळत नसतील तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी केली होती. तिथे सर्व्हिस सेंटर दाराशी येण्याची वाट कोण बघणार?

म्हणून कोणत्या आवाजाला घाबरायचं ते माहीत असलेलं बरं. स्टार्ट दाबल्यावर टकटकटकटक अशी लडी लागली तर बहुधा बारा व्होल्टची बॅटरी खलास आहे. प्लगमधून चरचर आली आणि तो हाताला गरम लागला तर आधी एमसीबी पाडायचा. दोष बहुधा घरातल्या जुन्या बोर्डात असतो आणि आग तिथून लागते. चार्जिंग नसताना, थंडीच्या पहाटेपर्यंत पंप फिरतच राहिला तर दाखवावं. गाडीखाली पाणी दिसलं तर रंग बघावा: पारदर्शक पाणी एसीचं, रंगीत आणि बुळबुळीत ते कूलंट. आणि दगडावर तळ आपटल्यानंतर खालून फटफट किंवा फुसफुस आली, सोबत धूर किंवा उग्र गोडसर वास असेल, तर सामान काढत बसू नये. माणसं लांब न्यावीत आणि अग्निशमनवाल्यांना फोन करताना गाडी विजेची आहे हे आधी सांगावं.

बाकी आवाजांसाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवावं. गाडी लावून किती वेळ झाला होता, गन लावलेली होती का, बॅटरी किती टक्के होती, बाहेर ऊन होतं की पाऊस, एवढं त्यासोबत लिहून पाठवलं तर नाशिकचा मेकॅनिक बहुतेक वेळा फोनवरच सांगू शकतो की गाडी आणायची की नाही.