कूलंटची धार नेमकी पोचते कुठे?

ग्राइंडिंगमध्ये टर्निंग-मिलिंगपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते आणि ती जवळपास सगळी उष्णता होते. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या साध्या व्हीलने पोलाद घासताना त्यातली बरीचशी जॉबमध्येच शिरते. असा घासलेला गिअरचा दात वरून चकचकीत दिसतो. पण नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात बुडवला की जळालेल्या जागी काळपट डाग उमटतात. तिथला कठीणपणा उतरलेला असतो.

नुसतं कूलंट वाढवून भागत नाही. फिरतं व्हील स्वतःभोवती हवेचा थर ओढत नेतं आणि मंद धार त्यावर आपटून उडते. म्हणून संशोधकांनी धारेचा वेग व्हीलच्या कडेच्या वेगाशी जुळवायला सुरुवात केली. सेकंदाला 30 मीटर वेगासाठी पाण्यासारख्या कूलंटला नोझलपाशी सुमारे 4.5 बार दाब लागतो; वेग दुप्पट केला तर 18 बार. नोझल आतून गुळगुळीत आणि निमुळतं हवं, नाहीतर धार फिसकटते. महागडं मशीन घेण्याआधी प्रत्येक कारखान्याने एवढं तरी करून पाहायलाच हवं.

दुसरा मार्ग व्हीलचाच. 1957 साली रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी ‘जनरल इलेक्ट्रिक’मध्ये बनवलेलं क्यूबिक बोरॉन नायट्राइड व्हीलच्या कणांसाठी वापरलं, तर ते उष्णता चटकन वाहून नेतं. हिरा त्याहून कठीण, पण तापलेल्या पोलादापुढे तो लवकर झिजतो.