स्वस्तातला सायलेन्सर गाडीचं ॲव्हरेज खातो का?

आजचा प्रश्न अंबडहून आलाय. "सायलेन्सर सडलाय. कंपनीचा महाग पडतो, गॅरेजवाला म्हणतो लोकल बसवू, निम्म्यापेक्षा कमीत होईल. ॲव्हरेज पडेल का?"

थोडक्यात उत्तर: तुम्ही नेमका कुठला भाग बदलताय, त्यावर आहे.

आपण सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो, पण ती एक रांग असते. पेट्रोल गाडीत इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, मग ऑक्सिजन सेन्सर, मग धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यानंतर आणखी एक सेन्सर, लांब पाइप आणि शेवटी आवाज मारणारा डबा. फक्त मागचा डबा सडला असेल, तर मापात बसणारा चांगला लोकल डबा चालतो. ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. खरी गडबड पुढच्या भागात होते.

सेन्सर फसतो तेव्हा

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं. हे प्रमाण राखायला इंजिनाचा कॉम्प्युटर पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो. आता स्वस्त पाइपचा फ्लँज वाकडा आहे, गॅस्केट हलकं आहे, आणि सेन्सरच्या आधी बारीक लीकेज झालं. धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो. दोन झटक्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. पेट्रोल जातं तुमच्या खिशातून!

हिशोब करून बघा. समजा, तुम्ही जालना–छत्रपती संभाजीनगर अपडाऊन करता आणि महिन्याला 1,500 किलोमीटर गाडी चालते. ॲव्हरेज 18 वरून 16 वर आलं, तर साधारण साडेदहा लिटर पेट्रोल जादा. शंभर रुपये लिटर धरलं तरी महिन्याला हजारावर. सायलेन्सरमध्ये वाचवलेले पैसे किती महिने टिकतील, तुम्हीच सांगा.

पाइपचं माप

पाइप वाकवताना बेंडवर चेपला, तर धुराला वाट अपुरी पडते. इंजिनाची ताकद धूर ढकलण्यातच जाते. गावात हे जाणवणार नाही, पण समृद्धीवर 120 च्या स्पीडला किंवा चढावर पिकअप मरतो. उलट गरजेपेक्षा मोठा पाइप बसवला, तर धुराचा वेग कमी होतो आणि खालच्या गिअरचा दम जातो. मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद, हा गैरसमज काढून टाका.

चुंबकाची युक्ती चालत नाही

आपला जिल्हा सळईचा. लोखंड कळतं आपल्याला! पण इथे चुंबक फसवतो. सायलेन्सरसाठी वापरतात ते 409 जातीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. म्हणून पत्र्याची जाडी, वेल्डिंग आणि वॉरंटी बघा. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. रोज गावातल्या गावात छोट्या फेऱ्या असतील, तर तिचं पाणी डब्यात साचतं आणि साधा पत्रा आतून लवकर सडतो.

कन्व्हर्टर काढू देऊ नका

"कॅट काढून सरळ पाइप टाकू, गाडी पळेल," असं कुणी म्हणालं तर थांबा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. तो काढला तर गाडी जास्त विषारी धूर सोडते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली प्रदूषणाचे नियम मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सडल्यामुळे बदलावाच लागला, तर जुना भाग परत मागून घ्या. भंगारातही त्याला किंमत असते.

गाडी ताब्यात घेताना

सकाळी थंड इंजिन सुरू करा. पुढून टिकटिक किंवा फुसफुस आली, तर लीकेज समजा. दिवा लागलाय का बघा. दोन वेळा टाकी फुल करून ॲव्हरेज मोजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडीखाली लीकेज असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. काचा बंद, एसी चालू, मागे लेकरं झोपलेली. डोकं जड व्हायला लागलं, मळमळलं, तर लगेच गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा. अशी गाडी नीट होईपर्यंत चालवू नका.

पैसे वाचवायचे तर मागच्या डब्यात वाचवा, पुढच्या भागात नको. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!